अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी आलं: दूध किती, कसं आणि कधी थांबायचं

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, सोडताना हातात एक कागद मिळतो. त्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: दर तीन तासांनी ४० मिली. पहिल्याच रात्री बाळ २५ मिली पितं, मूठ सैल सोडतं आणि झोपतं. मग उरलेल्या १५ मिलीकडे अख्खं घर बघत बसतं. कोणी म्हणतं तळवे चोळा, कोणी म्हणतं निपल तोंडात फिरवा, आपोआप ओढेल. हा लेख मुख्यतः त्या १५ मिलीबद्दल आहे: ते का उरतात, कधी उरू द्यायचे आणि कधी त्यांची काळजी करायची.

## पोट भरलेलं नसतं, दम संपलेला असतो

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं धरतात. गिळणं आणि चोखणं ही दोन्ही कामं बाळ पोटात असतानाच शिकलेलं असतं. अडतं ते तिसऱ्याशी, म्हणजे श्वासाशी. प्रत्येक घोट गिळताना श्वास क्षणभर थांबतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा ताल ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो आणि पक्का व्हायला पूर्ण दिवस भरावे लागतात, कित्येकदा त्याहून जास्त. तोवर बाळ धार आली की सलग आठ-दहा घोट गिळत सुटतं, श्वास घ्यायचा राहूनच जातो आणि ओठांभोवती रंग उतरतो.

शिवाय गालांत चरबीच्या गाद्या भरलेल्या नसतात, त्यामुळे निपलवर किंवा स्तनावर पकड ढिली बसते. स्नायू मऊ असतात आणि थोडं ओढलं की थकवा येतो. फुप्फुसांचा त्रास झालेल्या बाळाचा श्वास मुळातच जलद चालतो. शांत असतानाही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास होत असतील, तर दोन श्वासांमध्ये घोट बसवायला जागाच नसते. अशा वेळी तोंडाने दूध देऊ नये, डॉक्टरांना विचारावं. श्वास मोजताना पोटावर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चाराने गुणू नका, कारण या बाळांचा श्वास एकसारखा नसतो.

म्हणूनच ‘कालपर्यंत छान प्यायचं, आज पीत नाही’ हे हट्टाचं लक्षण नाही. बहुतेक वेळा तो थकवा असतो, क्वचित आजाराची सुरुवात. या दोन्हींत फरक कसा करायचा, ते पुढे येईलच.

आणखी एक हिशेब घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसायला हवा, तो म्हणजे दुरुस्त वय. जन्मापासूनच्या आठवड्यांतून जितके आठवडे बाळ लवकर आलं तितके वजा करायचे. ३० व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ १० आठवडे लवकर आलं. ते १८ आठवड्यांचं झालं तेव्हा त्याचं दुरुस्त वय ८ आठवडे. पिणं, मान धरणं, हसणं, वजनाचा तक्ता हे सगळं दोन वर्षांपर्यंत या वयाने बघतात. लसी मात्र सहसा जन्मतारखेपासूनच्या वयानुसार द्यायच्या असतात. अपवाद असला तर तो डॉक्टर सांगतात.

## माप दिवसाचं, बाटलीचं नाही

वाढत्या बाळाला साधारणपणे दर किलो वजनामागे २४ तासांत १५० ते १८० मिली दूध लागतं. २ किलोच्या बाळाला ३०० ते ३६० मिली, म्हणजे आठ वेळा पाजलं तर एका वेळी ३८ ते ४५ मिली. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना त्रास असेल तर डॉक्टर मुद्दाम कमी माप देतात. तिथे त्यांचा आकडा चालतो, हा हिशेब नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे सुट्टीच्या कागदावरचं माप तीन आठवडे तसंच चालू ठेवणं. बाळ १.९ किलोचं २.४ किलो झालं तरी बाटली ३५ मिलीचीच राहते आणि मग वजन अडतं. दर आठवड्याला वजन झालं की माप पुन्हा काढून डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक बाटलीची परीक्षा घेणं. सकाळी २५, दुपारी ५०, संध्याकाळी ४० असा चढउतार ठीक आहे. बेरीज २४ तासांची करायची. सुट्टीच्या दिवशीच एक प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्या: दिवसाची बेरीज किती मिलीच्या खाली गेली तर फोन करायचा? दूध नेहमीच्या निम्म्यावर आलं तर मात्र थांबू नये, लगेच दाखवावं.

अंगावर पिणाऱ्या बाळाचे मिली दिसत नाहीत. तिथे दिवसाला सहा किंवा जास्त ओले लंगोट आणि वजन हेच पुरावे. शंका असेल तर पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर त्याच कपड्यांत, त्याच लंगोटात वजन करतात. जितके ग्रॅम वाढले, जवळजवळ तितके मिली पोटात गेले. मात्र यासाठी एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा काटा लागतो. १० ग्रॅमच्या टप्प्याने चालणाऱ्या काट्यावर हा प्रयोग करून काही कळत नाही, नुसती झोप उडते.

घरी आल्यावर दिवसाला सरासरी २० ते ३० ग्रॅम वाढ समाधानकारक मानतात. आठवड्यातून एक-दोनदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने, पाजण्याआधी वजन करा. रोज करू नका. एक शू किंवा एक शी यानेही आकडा ३०-४० ग्रॅम हलतो आणि घरात उगाच सुतक पसरतं. तक्ते कोणते वापरायचे हे डॉक्टर ठरवतात. सुरुवातीला अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा फेंटन किंवा इंटरग्रोथ-२१ आणि नंतर दुरुस्त वय धरून जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता, असा क्रम असतो. तक्त्यात एका आकड्यापेक्षा रेषेचा कल महत्त्वाचा. वजनाबरोबर लांबी आणि डोक्याचा घेरही नोंदवला जातोय ना, ते बघा.

एक वही घाला. वेळ, तोंडाने किती, नाकातून पोटात घातलेली नळी असेल तर तिने किती, किती मिनिटं लागली, शी-शू, औषध आणि शेवटचा रकाना ‘कसं प्यायलं’ याचा: शांत, थकलं, ठसका, दूध टाकलं. डॉक्टरांना सर्वांत जास्त माहिती या शेवटच्या रकान्यातून मिळते.

## आईचं दूध टिकवणं

बाळाला ओढण्याची ताकद येईपर्यंत दुधाची मागणी पंपाने किंवा हाताने निर्माण करावी लागते. जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करून दिवसातून ८ ते १० वेळा, त्यात रात्री निदान एकदा. पहिले दोन-तीन दिवस चीक थेंबाथेंबाने येतो. तो हाताने काढून सिरिंजमध्ये ओढून घेणं सोपं, पंपाच्या भांड्यात तो चिकटून वाया जातो. नंतर दोन्ही बाजूंनी एकदम, १५ ते २० मिनिटं. दोन आठवड्यांच्या शेवटी दिवसाला ५०० मिलीच्या पुढे दूध येऊ लागलं तर पुढची वाट सोपी होते. बाळ आज ३०० मिलीच पीत असलं तरी काढणं कमी करू नका. दोन महिन्यांनी त्याला जास्त लागेल, आणि एकदा आटलेलं दूध परत आणणं अवघड.

दूध अचानक कमी झालं तर आईच्या आहारावर चर्चा सुरू करण्याआधी पंप तपासा. पातळ रबरी पडदा किंवा झडप फाटली असेल तर मोटर तशीच आवाज करते, पण ओढ निम्मी होते. स्तनावर बसणाऱ्या नरसाळ्याचा बोगदा स्तनाग्रापेक्षा एक ते तीन मिलीमीटर रुंद असावा. अरुंद असेल तर स्तनाग्र घासून दुखतं, फार रुंद असेल तर भोवतालची त्वचा आत ओढली जाते आणि दूध नीट निघत नाही. त्यानंतर वहीत बघा, गेल्या तीन दिवसांत किती वेळा काढलं? बहुधा आकडा आठवरून पाचवर आलेला असतो.

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास आणि फ्रिजच्या आतल्या भागात, दारात नव्हे, ४ दिवस ठेवता येतं. ही मर्यादा निरोगी बाळांसाठी आहे. फार लवकर जन्मलेल्या बाळासाठी रुग्णालयाने कमी मुदत सांगितली असेल तर तीच पाळा. फ्रीझरमधलं दूध फ्रिजमध्ये वितळवून २४ तासांत वापरा, पुन्हा गोठवू नका. कोमट पाण्याच्या भांड्यात धरून गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतकं तापतं. वर आलेली साय हलक्या हाताने फिरवून मिसळा. ती बाटलीच्या भिंतीला राहिली की बाळाच्या वाट्याचे उष्मांकही तिथेच राहतात.

आणि दिवसातून जितका वेळ जमेल तितका बाळाला उघड्या छातीशी धरा. उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. बाळाचं अंग गरम ठेवण्यात खर्च होणारे उष्मांक वजनात जमा होतात, आणि छातीशी धरल्यानंतर लगेच दूध काढलं तर बहुतेकींना जास्त येतं. हे बाबांच्या छातीवरही तितकंच चालतं, दुधाचा भाग सोडून.

## बाटलीने पाजताना

सगळी तयारी बाळ जागं होण्याआधी करा, कारण त्याच्या उत्साहाची मुदत २० मिनिटं असते आणि त्यातली पाच दूध कोमट करण्यात जातात.

१. भुकेची खूण बघा. चुळबुळ, हात तोंडाकडे नेणं, जीभ बाहेर काढणं, गालाला स्पर्श झाला की मान वळवणं. रडणं ही शेवटची खूण. रडून थकलेलं बाळ कमी पितं. तीन तास उलटूनही जागं झालं नाही तर दुपटं सैल करा, लंगोट बदला, छातीशी धरा. तरीही झोपेतच असेल आणि नळी असेल तर ते दूध नळीने द्या. नळी नसेल तर अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा. लागोपाठ दोन वेळा उठलंच नाही तर डॉक्टरांना फोन.

२. कुशीवर धरा. तुमचे पाय उंच करून मांडीवर उशी ठेवा. बाळ एका कुशीवर, पाठ तुमच्या पोटाशी किंवा मांडीच्या रेषेत, कान, खांदा, कंबर एका ओळीत आणि डोकं कमरेपेक्षा बरंच वर. हात दुपट्यात छातीपुढे जवळ आणलेले. उताणं धरलं की दूध आपोआप घशात उतरतं. कुशीवर असताना जास्तीचं दूध गालात साठतं, ओठांतून बाहेर येतं आणि श्वासनलिका वाचते.

३. स्लो-फ्लो निपल वापरा. निरनिराळ्या कंपन्यांचं ‘स्लो’ एकसारखं नसतं. एकीचं स्लो दुसरीच्या मीडियमपेक्षा जोरात धार सोडतं. रुग्णालयात ज्या निपलने पीत होतं तेच घरी आणा आणि निदान एक महिना बदलू नका. भोक सुईने मोठं करणं तर नकोच.

४. निपल ओठांना लावून थांबा. बाळाने तोंड उघडून जीभ खाली नेली की आत. बाटली जवळजवळ आडवी, निपलचं टोक भरेल इतकीच तिरकी.

५. श्वास मोजून द्या. तीन ते पाच वेळा चोखल्यावर बाळाने स्वतः थांबून श्वास घेतला नाही, तर बाटली खाली झुकवा म्हणजे निपलमधलं दूध मागे जातं. निपल तोंडातच राहू द्या. श्वासाचे दोन-तीन ठोके झाले आणि पुन्हा चोखू लागलं की बाटली परत वर. काही आठवड्यांत बाळ हे थांबणं आपलं आपण शिकतं.

६. २० ते ३० मिनिटांत संपवा, बाटली रिकामी असो वा नसो. त्यापुढे ओढलेल्या प्रत्येक घोटासाठी बाळ मिळवतं त्याहून जास्त खर्च करतं.

आता चेहऱ्याकडे बघा. बाटलीवरच्या रेघांकडे बघून हे कळत नाही. आधी भुवया वर जातात, कपाळावर आठी येते. मग बोटं पंजासारखी फाकतात, नाकपुड्या फुलतात, ओठांच्या कोपऱ्यातून दूध ओघळतं, घोटाचा आवाज ‘गुळ्ळ’ असा मोठा येतो. ही सगळी ‘थांबा’ची भाषा आहे. यातली एक जरी खूण दिसली तर बाटली झुकवा. दोन दिसल्या तर बाहेर काढा आणि बाळाला सरळ बसवून मिनिटभर थांबा. मूठ उघडून हात लोंबला, चोखणं थांबलं, डोळे मिटले, की ते दूध तिथेच संपलं.

उरलेले १५ मिली निपल फिरवून, हनुवटी हलवून, गाल दाबून घालता येतात, हे खरं. झोपेतल्या बाळालाही चोखण्याची प्रतिक्रिया येते. पण ते पिणं नव्हे, ओतणं आहे. झोपलेलं बाळ श्वासनलिका नीट सांभाळत नाही आणि दूध फुप्फुसात जाऊ शकतं. शिवाय रोज हेच झालं तर तीन-चार महिन्यांनी बाळ बाटली दिसताच मान फिरवू लागतं. आज सोडलेले १५ मिली उद्याच्या बेरजेत भरून निघतात, पण बिथरलेलं बाळ वळवायला महिने लागतात. गाल-हनुवटीला आधार देण्याची पद्धत आहे, पण ती जाग्या बाळासाठी आणि तज्ज्ञाने हात धरून शिकवल्यावरच.

ठसका लागला तर बाटली काढा, बाळाला पुढे झुकवून किंवा कुशीवर धरा, तोंडातलं दूध बाहेर येऊ द्या. खोकतंय आणि रंग गुलाबी आहे तोवर थांबणंच पुरेसं. श्वास येत नसेल तर पालथं, डोकं खाली करून खांद्यांमध्ये पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी पाच दाब आणि लगेच रुग्णवाहिका. हे वाचून जमत नाही. सुट्टीच्या आधी रुग्णालयात बाहुलीवर करून बघा, घरातल्या दोघांनी तरी.

## अंगावर पाजताना

डोकं जड आणि मान कच्ची असल्यामुळे नेहमीचा मांडीवरचा आडवा प्रकार इथे सुरुवातीला जमत नाही. बाळाला बगलेतून, पाय मागे, किंवा समोरून उलट्या हाताने धरा, म्हणजे तळहात खांद्यांमागे आणि बोटं कानांखाली. डोक्यावर मागून दाब देऊ नका, बाळ मान ताठ करून मागे जातं. चोखणं मंदावलं की स्तन हळूच दाबून धरा, धार वाढते आणि पुन्हा दोन-चार घोट होतात. दूध फार जोरात उतरत असेल तर आधी थोडं काढून घ्या. पकड सुटतच असेल तर स्तनाग्रावर बसवायचं सिलिकॉनचं पातळ निपल-शील्ड काही बाळांना उपयोगी पडतं. त्यावर असताना वजनावर लक्ष ठेवा आणि दूध काढणं चालू ठेवा.

सुरुवातीच्या दिवसांत क्रम असा राहतो: १०-१५ मिनिटं अंगावर, मग काढलेलं दूध वरून, मग पंप. वरचं दूध लहान कपाने, चमच्याने किंवा बोंडल्याने देता येतं. बाळ जवळजवळ बसतं धरून कपाची कड खालच्या ओठावर टेकवा, दूध ओठाला लागेल इतकंच तिरकं करा आणि जिभेने चाटू द्या. तोंडात ओतायचं नाही. दुपट्यावर किती सांडलं तेही हिशेबात धरा; अंदाजापेक्षा ते जास्त असतं.

## नळी घरी आली असेल तर

नाकातून पोटात गेलेली नळी म्हणजे माघार नव्हे. तोंडाने जितकं झालं तितकं आणि बाकीचं नळीने, अशी सोय असली की बाळावर जबरदस्ती करावी लागत नाही. रुग्णालयाने शिकवून, समोर करून घेतल्याशिवाय मात्र हे घरी करू नये.

प्रत्येक वेळी दूध सोडण्याआधी नाकपुडीपाशी नळीवरची खूण किंवा सेंटिमीटरचा आकडा तोच आहे ना, हे बघा. सिरिंजने अगदी थोडं पोटातलं पाणी ओढून पीएच, म्हणजे आम्लता दाखवणाऱ्या, पट्टीवर टाका, ५.५ किंवा कमी आलं तर नळी पोटात आहे. काही निघालं नाही तर बाळाला डाव्या कुशीवर करून १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा ओढा. आकडा जास्त येत असेल, तर दूध सोडू नका, डॉक्टरांना फोन करा; आम्लता कमी करणारं औषध चालू असेल तर त्यानेही आकडा चढतो, हे त्यांना सांगा. हवा सोडून पोटावर आवाज ऐकणं हा भरवशाचा पुरावा नाही, नळी श्वासनलिकेत असली तरी तसाच आवाज येऊ शकतो.

सिरिंजचा दट्ट्या काढून ती नळीला जोडा आणि बाळाच्या वर साधारण वीतभर धरा. दूध आपल्या वजनाने १५-२० मिनिटांत उतरू द्या. घाईने दट्ट्याने ढकललं की उलटी होते. वेग जास्त वाटला तर हात खाली आणा. या वेळात बाळाला चोखणी किंवा नुकताच रिकामा केलेला स्तन चोखायला द्या. तोंड हलणं आणि पोट भरणं यांची सांगड बसते आणि नळी सुटायला मदत होते. दूध चालू असताना खोकला, निळसरपणा, घरघर आली तर सिरिंज खाली करा, नळी चिमटीत धरून बंद करा आणि मदत बोलवा.

## वरच्या दुधात काय घालायचं, काय नाही

आईच्या दुधात मिसळायची पोषक पूड, म्हणजे फॉर्टिफायर, डॉक्टरांनी दिली असेल तर नेमकी सांगितलेल्या मिलीत आणि पाजण्याच्या अगदी आधी मिसळा. अर्धी पुडी ‘अंदाजाने’ घालू नका. डब्यातलं दूध देत असाल तर चमचा त्याच डब्यातला, सपाट केलेला. घट्ट केलं तर आतड्यांवर आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पातळ केलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. वरून पाणी पाजूनही तेच होतं. डब्यातल्या दुधाची पूड निर्जंतुक नसते, म्हणून ती ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या उकळलेल्या पाण्यात मिसळून मग थंड करतात आणि दोन तासांत वापरतात. तयार द्रव दूध मिळत असेल तर या बाळांसाठी ते जास्त सुरक्षित. वर्षाच्या आत मध कोणत्याही कारणासाठी नको.

दूध घट्ट करणाऱ्या पावडरी स्वतःहून वापरू नका. झँथन गमच्या घट्टकारकाबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये ३७ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांसाठी इशारा दिला होता, कारण आतड्यांना गंभीर सूज आलेली प्रकरणं समोर आली होती.

लोह साधारण दर किलोमागे दिवसाला २ ते ४ मिलिग्रॅम आणि ड जीवनसत्त्व ४०० युनिट, असा बहुतेकांचा डोस असतो. लोहाच्या थेंबांत एका मिलीत किती लोह आहे ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. दुकानदाराने दुसरी बाटली दिली की मिलीचा आकडा डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. औषध अख्ख्या बाटलीभर दुधात घालू नका. बाळाने ते अर्धवट सोडलं तर डोसही अर्धवट. एक मिलीच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थेंब थेंब द्या. लोहाने शी काळपट-हिरवट होते, त्याने घाबरू नका.

## दूध टाकणं, आणि त्यापलीकडचं

ढेकरेबरोबर थोडं दूध येणं आणि वजन वाढत राहणं, हा धुण्याचा प्रश्न आहे, आजाराचा नाही. पाजल्यावर २० ते ३० मिनिटं उभं धरा, लंगोट घट्ट बांधू नका, एका वेळचं माप थोडं कमी करून वेळा वाढवा. झोपवायचं मात्र सपाट जागेवर, उताणं. खाटेचं डोकं उंच करणं किंवा गाडीच्या सीटमध्ये झोपवणं नको; मान पुढे पडून श्वास अडतो.

काही बाळांचं दूध श्वासनलिकेत जातं आणि खोकलाही येत नाही. पाजताना श्वास ओलसर घरघरता होणं, डोळे पाणावणं, पुन्हा पुन्हा छाती भरणं अशा खुणा वहीत नोंदवून दाखवा. गिळण्याची एक्स-रे तपासणी असते, तिच्यात हे दिसतं.

पाजायच्या जागेवर धरताच रडणं, बाटली दिसली की उबळ येणं, फक्त झोपेतच पिणं, ही दुधाचा धसका घेतल्याची लक्षणं आहेत. महिनोन्‌महिने नळ्या, नाका-घशातला चिकटा ओढून काढणारं सक्शन आणि चिकटपट्ट्या सोसलेल्या तोंडाचं ते साहजिक आहे. अशा वेळी जोर लावला तर ते वाढतं. गिळण्याच्या उपचारतज्ज्ञाला गाठा. तोवर दिवसातून काही वेळा, पाजण्याच्या वेळा सोडून, गालांना, ओठांना हात लावा, बाळाचीच बोटं त्याच्या तोंडाशी न्या आणि पहिल्या नकाराला थांबा.

पुढच्या गोष्टींत मात्र वही बाजूला ठेवून निघायचं: हिरवी उलटी, उलटीत किंवा शीत रक्त, पोट फुगून ताठ होणं, २० सेकंद श्वास थांबणं किंवा अंग निळं पडणं, मलूल होऊन दूध सोडणं, आठ तासांत शू नाही, ताप ३८ अंशांवर, किंवा छातीशी धरून तासाभरानेही अंग ३६.५ च्या वर न येणं. थकलेलं बाळ झोप झाली की पुढचं दूध बरं पितं. आजारी बाळ लागोपाठ दोन-तीन वेळा पीत नाही, आणि पिण्याखेरीजही त्याचं काहीतरी बिनसलेलं असतं.

## घराचं वेळापत्रक

३० मिनिटं पाजणं, २० मिनिटं दूध काढणं, २० मिनिटं उभं धरणं; धुणं-उकळणं वेगळंच. एका फेरीला ७० मिनिटं, आठ फेऱ्यांना सव्वानऊ तासांहून जास्त. हे एका माणसाचं काम नाही, हा साधा गुणाकार आहे. तो घरात मोठ्याने वाचून दाखवा. एकाने पाजायचं तेव्हा दुसऱ्याने काढलेलं दूध भरून तारीख-वेळ घालायची, भांडी उकळायची. रात्रीचे दोन भाग पाडा, म्हणजे आईला सलग चार-पाच तास झोप मिळेल. पंपाचे सुटे भाग दोन-तीन संच घ्या. धुणं आठऐवजी तीनदा होतं. उकळताना पाच मिनिटं मोजा आणि स्वयंपाकाच्या सिंकमध्ये न धुता वेगळ्या भांड्यात धुवा.

पहिल्या महिन्यात पाजणारे हात दोन, फार तर तीन. प्रत्येकाचा वेग वेगळा असला की बाळाला दर वेळी नव्याने शिकावं लागतं. पाहुणे पाजण्याच्या वेळी नकोत, सर्दीवाले कधीच नकोत. आईचं सारखं रडू येणं, झोप मिळत असूनही झोप न लागणं, बाळाला हात लावायची भीती वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर तेही वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. तो स्वभाव नव्हे, आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

## पहिला घास

घाई दोन्हीकडून होते. ‘सहा महिन्यांचं झालं’ म्हणून जन्माच्या वयाने सुरू करणारे आहेत आणि ‘वजन वाढत नाही’ म्हणून चौथ्या महिन्यातच चमचा धरणारेही. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवरची एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दुरुस्त वयाच्या चार महिन्यांनी घन आहार सुरू केलेल्यांचं वर्षाच्या वेळचं वजन सहा महिन्यांनी सुरू केलेल्यांपेक्षा जास्त नव्हतं, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. म्हणून वयाबरोबर तयारी बघा: आधार दिला की मान स्थिर राहते, हात आणि खेळणी तोंडात जातात, चमचा लागला की जीभ तो बाहेर ढकलत नाही.

सुरुवात दिवसातून एकदा, बाळ अर्धवट भुकेलं असताना, एक-दोन चमचे. दूध कमी करायचं नाही. चमचा ओठांसमोर धरून थांबा, वरच्या ओठाने ते पुसून घेऊ द्या. टाळ्याला घासून रिकामा करू नका. पहिले पंधरा दिवस गुळगुळीत, मग हळूहळू घट्ट, मग मऊ कण. नळीवर राहिलेल्या बाळांच्या घरी कणांची भीती बसते आणि सगळं महिनोन्‌महिने गाळून दिलं जातं. तसं झालं की पुढे बाळ कण नाकारतं, चावायला शिकतच नाही. दुरुस्त वयाच्या नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत मऊ गाठी तोंडात यायला हव्यात. उबळ येते तेव्हा बाळ लाल होतं, आवाज करतं, जीभ बाहेर काढतं आणि घास स्वतः पुढे आणतं. हात मागे ठेवून थांबा. आवाजच बंद झाला तर तो घशात अडकलेला घास आहे, तिथे पाठीवरच्या त्याच पाच थापा.